एक्क्याण्णव टक्के

सहावं वर्ष लागलं.
पडद्यावर बॅटरीची तब्येत एक्क्याण्णव टक्के.
माझी कुणी मोजलेली नाही.

घेतली तेव्हा सावद्यात दोनच प्रश्न होते:
केवढ्याला पडली,
आणि लाइन गेल्यावर काय करशील?
पहिल्याचं खरं उत्तर मी अजून कुणाला दिलेलं नाही,
कुमुदला तर नाहीच.
दुसऱ्याचं उत्तर चेंबरमागे उभं आहे: जनरेटर,
केळीसाठी घेतलेला.
म्हणजे लाइन गेली की ही वीजगाडी
डिझेलवर जेवते.
नाशिकला हे सांगत नाही.

रात्री दहानंतर सुपडू चेंबरचं दार लावतो.
आत बारा टन केळी सोळा अंशांत निजते,
भिंतीच्या अलीकडे मी केबल खोचतो.
आत हिरवं हळूहळू पिवळं होतं,
बाहेर आकडा हळूहळू चढतो.
कार्बाइडची केळी वरून पिवळी, आतून टणक;
म्हणून हायवेवरचं जलद चार्जिंगही मी टाळतो.
इंजिनीअर म्हणतो, शेठ, याचा त्याचा संबंध नाही.
नसेल.
पण एक्क्याण्णव.

ऑइल नाही, प्लग नाही, बेल्ट नाही,
बिल मात्र आहे.
पावणेतीनशे किलोमीटर जाऊन
काचेमागे बसून कडू कॉफी प्यायची,
कोट घातलेला पोरगा फिल्टर आणून दाखवतो:
त्यात मूठभर काळी माती, केळीच्या पानाचा एक धागा.
‘सर, आपण गाडी नेमकी कुठे चालवता?’
मी म्हणालो, घरी जातो.
टायर तीस हजारातच गेले, वजन फार.
चार टायरांत किती क्विंटल केळी बसते
हा हिशेब मी परतीच्या वाटेवर तीनदा केला,
तिन्ही वेळा वेगळा आला.

एरंडोलजवळ एकदा ती निजलीच.
आम्ही भरीत-भाकरी खाऊन बाहेर आलो,
दाराच्या मुठी आत गेलेल्या, बाहेर येईनात.
कुमुद उन्हात उभी, हातात चप्पल नसल्यागत पाय बदलत.
मोठी बॅटरी शाबूत, दोनशे किलोमीटरची भरलेली;
मेली होती ती दुसरी,
बारा व्होल्टची, कुठल्याही ट्रॅक्टरमध्ये असते तशी.
रज्जाक पिंजारी सायकलवरून उतरला,
किल्ली उलटीपालटी करून तिच्या पोटातून
खरीखुरी लोखंडी किल्ली काढली.
पाच वर्षं मी ती खिशात वागवत होतो.
शेजारच्या ट्रॅक्टरच्या वायरी जोडल्या, दिवे लागले,
तेव्हा तो हसला:
‘इतली मोठी गाडी, आन् इतलुशा डबानी आडाई दिनी!’
पैसे घेईना. मग
आत बसू का दोन मिनिटं, म्हणाला.
दार लावून बसला. काही दाबलं नाही.

मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो,
गाडी उभ्या उभ्या पंख्याने धापा टाकते,
रेंज उतरते, मन उतरतं.
तीन नंबरचा चेंबर तेव्हा रिकामा असतो.
पहिल्या रात्री आत घातली तेव्हा
हमाल पोटं धरून हसले:
शेठनी गाडी पिकायला घातली!
सुपडूने तर चौथ्या दिवशी
बोनेटवर टिचकी मारून पाहिली.

परवा इंदूरहून गिऱ्हाईक आलं.
पडदा पाहिला, टायर पाहिले, वॉरंटीची तारीख पाहिली.
अजून दोन वर्षं आहेत म्हटल्यावर
आकडा बोललं: खरेदीच्या पावभर.
मग दार उघडून आत वाकलं, नाक आक्रसलं,
‘हा वास कसला?’

केळीचा, म्हणालो.
आणि दोन लाख वाढवून सांगितले,
म्हणजे जाईल.